‘मी येतो’ म्हणणारी बाई: सांगलीतल्या एका अभिनेत्रीचं प्रकरण

हौशी नाट्यसंस्था चालवणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. संस्थेतलं माणूस मालिकेत गेलं की काय काय होतं, याच्या गप्पा आपण तालमीनंतर चहाच्या गाड्यावर पुष्कळ मारतो, पण लिहून कुणी ठेवत नाही. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण सुनंदा म्हणू. मजकूर तिनं वाचला, दोन वाक्यं खोडली आणि एक स्वतःच्या हातानं घातलं. नाटकाचा दिग्दर्शक मीच होतो आणि या प्रकरणात माझ्या चुका आहेत, त्यामुळे तटस्थपणाचा दावा करत नाही.

पार्श्वभूमी

सुनंदा तेव्हा 43 वर्षांची. जन्म तासगाव तालुक्यातला, घरची थोडी द्राक्षबाग. आठवीला ती सांगलीत मावशीकडे शिकायला आली. पहिल्याच महिन्यात मराठीच्या बाईंनी तिला बाकावर उभं करून ‘आणि पाणी आणलं’ एवढंच वाक्य दहा वेळा म्हणायला लावलं. ती म्हणायची, ‘आनी पानी आनलं’. वर्ग खिदळला. त्यानंतर दोन वर्षं आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की ती निवेदकाच्या मागोमाग एकेक वाक्य पुटपुटायची. दहावीपर्यंत ‘ण’ जिभेवर पक्का बसला. पुढे मराठीत बीए केलं, लग्नानंतर सांगलीतच राहिली. गेली बारा वर्षं ती विश्रामबागेत दहावीच्या मुलांचे मराठीचे क्लास घेते. म्हणजे ज्या बाईला ‘ण’ येत नव्हता, ती आता दुसऱ्यांची शुद्धलेखनं तपासते.

नवरा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी, मुलगी बारावीला. सासूबाईंना ती आत्या म्हणते. आत्यांचं माहेर शिरोळकडचं. त्या भागातल्या बायकांसारख्याच आत्याही ‘मी येतो गं’, ‘मी जेवलो मगाशीच’ असं बोलतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला ती व्याकरणाची चूक वाटते. सुनंदाची यावर एक जुनी कोटी आहे: “1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा सीतेचं काम पुरुषानं केलं. त्याला ‘मी येते’ म्हणायला शिकवावं लागलं असेल. आमच्या आत्यांना सीता केलं असतं तर उलटी शिकवणी लागली असती.”

2009 पासून ती आमच्या संस्थेत आहे. राज्य नाट्य स्पर्धेत एकदा अभिनयाचं रौप्यपदक मिळालेलं. भूमिका हातात आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ही बाई चप्पल कुठं काढते?” नवीन मुलं हसतात. पण उंबऱ्याबाहेर काढते, दाराआड सरकवते की सरळ आत घालून येते, हे एकदा कळलं की त्या घरात बाईची जागा काय हे तिला कळतं. बाकीचं ती त्यावरून बांधते.

प्रकरण सुरू झालं ते असं

2023 च्या जूनमध्ये एका दैनंदिन मालिकेसाठी तिला फोन आला. चित्रीकरण साताऱ्याजवळ, वाईच्या अलीकडे कृष्णाकाठच्या एका गावातल्या वाड्यात. भूमिका नायकाच्या चुलतीची: तोंडाळ, कागाळ्या करणारी, पोटात काळं. महिन्याला 12 ते 15 दिवस, दिवसाचे 2,500 रुपये, पैसे 90 दिवसांनी. राहण्याची सोय साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या लॉजवर. “तीन महिन्यांचा ट्रॅक आहे ताई,” म्हणजे भूमिकेचं कथानक तेवढं चालेल, असं काम मिळवून देणारा को-ऑर्डिनेटर म्हणाला. तिनं फोनवरच होकार दिला.

आम्हाला आनंदच झाला. मी पेढे आणले, साताऱ्याचे कंदी, मुद्दाम. राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावर आमचं नाटक नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतं आणि त्यात मुख्य भूमिका तिचीच होती. तीन महिने म्हणजे सप्टेंबरअखेर मोकळी, असा हिशोब मी मनातल्या मनात केला. तिला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मालिकेतला ‘तीन महिने’ हा शब्द लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखा असतो, हे आम्हा दोघांनाही कळायला हवं होतं.

अडचणी

वरवर पाहता तारखांचीच अडचण होती. कॉल शीट, म्हणजे उद्या सेटवर कधी यायचं तो निरोप, आदल्या रात्री दहाला यायची. सांगलीहून आष्टा, पेठ नाका, कराड, मग सातारा. एसटीनं तीन तास धरून चालायचे, रस्त्याची कामं निघाली तर जास्त. बायकांना तिकीट अर्धं झालं होतं तेवढाच दिलासा. बारा तासांची शिफ्ट करून ती रात्री अकराला घरी यायची आणि सकाळी सातच्या बॅचला शिकवायची. सप्टेंबरात आमच्या तालमी सुरू झाल्या, तेव्हा आठवड्यातले दोन दिवस ती यायची आणि त्यातला एक दिवस जांभया देण्यात जायचा.

दुसरी अडचण आवाजाची. मालिकेच्या पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रणवाल्या मुलानं कानाचे हेडफोन काढून तिला सांगितलं, “ताई, शेवटच्या रांगेत कुणी नाही बसलेलं.” वीस वर्षं छातीतून आवाज काढायची सवय असलेल्या बाईनं महिन्याभरात तो घशापर्यंत खाली आणला. भुवई उचलायची तिथं नुसती नजर उचलायला शिकली. तिला ते आवडायला लागलं होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. मला दिसलं ते एवढंच की तालमीत चौथ्या रांगेत बसून मला तिचं वाक्य ऐकू येत नाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, “सुनंदा, मालिकेनं तुझा आवाज खाल्ला.” तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. दहा वर्षांपूर्वी म्हणाली असती तसं, अगदी सफाईदार आणि पोकळ. मी “हां, आता जमलं” म्हणालो. माझ्या दिग्दर्शनातली ती सगळ्यात वाईट संध्याकाळ असावी.

तिसरी अडचण तिनं बरेच दिवस कुणाला सांगितलीच नाही. ती भाषेची होती. चुलतीचे संवाद ‘गावाकडच्या भाषेत’ असायचे, पण ते गाव कुठल्याच तालुक्यात नव्हतं. एकाच वाक्यात ‘मपल्या पोराला’ आणि शेवटी ‘की वं’. ‘मपला’ नगर-जुन्नरकडचं, साताऱ्याच्या बाईच्या तोंडी ते यायचं कारण नाही. तिनं एकदा सांगून पाहिलं. मालिकेचा आशय बघणारी क्रिएटिव्हवाली मुलगी गोड होती, म्हणाली, “मॅम, थोडं अजून गावठी करू या ना, निगेटिव्ह वाटायला पाहिजे.” घरातली सून आणि नायक शुद्ध बोलायचे. दुष्ट तेवढी एक चुलती ‘आनी पानी’ म्हणायची.

तेव्हा तिला काय वाटलं, हे तिनं मजकुरात घातलेल्या वाक्यातच देतो: “बाकावर उभी होते तेव्हा वर्ग चाळीस पोरींचा होता, आता वर्ग मोठा झाला एवढंच.”

चौथी अडचण क्लासमध्ये उगवली. मालिका घराघरात दिसायला लागल्यावर गणपती मंदिराच्या रांगेत एका आजीनं तिला “सुनंला लई छळू नगंस” असा दम भरला. त्यावर आम्ही हसलो. पण ऑगस्टअखेर दोन पालकांनी मुलं काढली. एकानं स्पष्टच सांगितलं, “तुमच्या त्या भाषेचा पोरांवर परिणाम होईल.” ऑक्टोबरपर्यंत पाच मुलं कमी झाली. काही तिच्या गैरहजेरीमुळे गेली असतील, तेही खरं.

निर्णयाची वेळ आणि समोरचे पर्याय

सप्टेंबरच्या शेवटी ट्रॅक संपला नाही. उलट भूमिका वाढवतोय, सोमवारपर्यंत कळवा, महिन्याला 13 दिवस नक्की, असा निरोप आला. त्याच शनिवारी मी तिला म्हणालो, “एक काहीतरी ठरव.” हे वाक्य संस्थाचालकाच्या तोंडी फार शोभतं. त्यात निष्ठेचा वास असतो. पण प्रश्न निष्ठेचा नव्हताच, आणि मी तो तसा मांडल्यामुळे पुढचे दोन दिवस ती चुकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसली.

रविवारी दुपारी नवऱ्यानं पेढीची सवय कामाला लावली. लाल वहीत त्यानं मांडलं: 13 दिवसांचे 32,500. को-ऑर्डिनेटरचे 20 टक्के म्हणजे 6,500 गेले. प्रवास, वरचं खाणं 2,500. क्लासची पाच मुलं गेली, 700 प्रमाणे 3,500. बदली शिक्षिकेला 4,000. हातात उरतात 16,000, तेही तीन महिन्यांनी. मानधनातून कापला जाणारा कर, म्हणजे टीडीएस, परत मिळतो म्हणून धरला नाही. वही तिच्यापुढे सरकवून तो म्हणाला, “तोटा नाही. फायदाही असा नाही की त्यासाठी करतेयस म्हणावं. मग कशासाठी करतेयस ते तू बघ.” मला तो माणूस तेव्हापासून जास्त आवडतो.

समोर चार वाटा होत्या. मालिका सोडायची. पण कॅमेऱ्यापुढे ती जे नवीन शिकत होती ते अर्ध्यावर सुटलं असतं, आणि सोडून गेलेली बाई म्हणून नाव झालं असतं. नाटक सोडायचं. संस्थेत याचा बोभाटा झाला असता आणि तिलाही ते नको होतं. दोन्ही तसंच ओढत न्यायचं. हे चालूच होतं आणि त्यात दोन्हीकडे ती अर्धीच हजर होती. चौथी वाट म्हणजे दोन्हीकडे जाऊन अटी बोलायच्या. ही कुणालाच सुचली नव्हती, कारण आपल्याकडे ‘काम मिळालंय’ म्हटल्यावर अटी घालणं म्हणजे माज, असा समज आहे. ती सुचवली आत्यांनी. शेतात हळद लावायला बायका बोलवताना आदल्या दिवशी रोज आणि वेळ ठरवतात, एवढं साधं उदाहरण त्यांनी दिलं. “न विचारता गेलीस तर दिस मावळंस्तवर वाकून ऱ्हा.”

काय केलं

सोमवारी ती फोनवर बोलली नाही, सेटवर जाऊन कार्यकारी निर्मात्याला जेवणाच्या सुट्टीत भेटली. तीन गोष्टी मागितल्या. नोव्हेंबरात सलग दहा दिवस सुट्टी. कॉल शीट किमान दोन दिवस आधी. आणि प्रत्येक प्रसंगाआधी संवादलेखकाशी फोनवर पंधरा मिनिटं. बदल्यात दिवाळीआधी रात्रीच्या शिफ्टमध्ये तिचे पुढचे प्रसंग आधीच उरकून साठवून द्यायची तयारी दाखवली. दहाचे सहा दिवस मिळाले, व्हॉट्सॲपवर लिहून. कॉल शीटबद्दल “बघू”. संवादाचं मात्र लगेच मान्य झालं, कारण भाषेवरून अडखळून होणारे रीटेक त्यालाही नको होते. मागितलं असतं तर हे जूनमध्येच मिळालं असतं, असं तिला आजही वाटतं. मला तसं वाटत नाही. जूनमध्ये तिची किंमत त्यांना माहीत नव्हती.

मग तिनं एक वही केली. तीन रकाने: लिहून आलेलं, आत्या कशा म्हणतील, आणि शेवटी शूट झालेलं. रात्री लॉजवरून आत्यांना फोन लावायची. आत्या आधी लाजल्या, मग त्यांना चेव आला. ‘मी तुला सोडणार नाही’ या धमकीवर त्यांचं उत्तर होतं, “आसं कुणी म्हनत न्हाई. ‘बस तितंच, आलो मी’ आसं म्हनायचं, आनी जायाचंच न्हाई. ती बसत्या घाबरून.” हे वाक्य जसंच्या तसं शूट झालं. त्यात आरडाओरडा नव्हता. सेटवरच्या वरकामाच्या बाया, ज्या एरवी कोपऱ्यात बसून मोबाईल बघत, त्या वर बघायला लागल्या, असं ती सांगते.

आमच्याकडे मी दोन बदल केले. तिच्या भूमिकेला बदली अभिनेत्री उभी केली आणि तालमी रविवारी सकाळी सलग घेतल्या. आवाजाचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. नाटकात एक प्रवेश आहे: बाई तांदूळ पाखडत बसली आहे आणि धाकटा दीर मुलाची बातमी सांगतो. मी तो हंबरड्यावर बसवला होता. एका रविवारी तिनं हंबरडा फोडला नाही. सूप हलवत राहिली, तांदळाची ती सर्र सर्र चालू राहिली, दीर बोलत राहिला. आणि ‘गाडी’ या शब्दावर सूप थांबलं. बाकी काही नाही. हात तसाच, सूप थोडं तिरकं, दोन-चार दाणे खाली सांडले.

मी म्हणालो, मागे दिसणार नाही. ती म्हणाली, “दिसायचं कशाला? ऐकू येईल.” मी हॉलच्या शेवटच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि प्रवेश पुन्हा केला. सूप थांबल्याचं तिथंही कळलं. पाच मिनिटं चाललेला आवाज बंद पडतो तेव्हा तो कुठल्याही रांगेला कळतो. पुढच्या वाक्यांसाठी मात्र तिनं आवाज छातीतूनच काढला. तो काही मालिकेनं खाल्ला नव्हता.

एक तांत्रिक गोष्ट इथं सोयीची ठरली. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आलेल्या संहितेत शब्द बदलता येत नाहीत. आम्ही शब्द एकही बदलला नाही. आयत्या वेळी खर्च वाढला तो फक्त दोन किलो तांदळाचा.

काय झालं

5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, भावे नाट्यमंदिरातल्या कार्यक्रमाला ती पहिल्यांदाच नव्हती. वाड्यात रात्रपाळी करत होती. प्रयोग ठरल्या दिवशी झाला. केंद्रावर आमचं नाटक दुसरं आलं. तिला अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं, पदक नाही. एका परीक्षकांनी नंतर भेटून सुपाच्या प्रवेशाचं कौतुक केलं. दुसऱ्यांना तिथं “अभिनय कमी पडला” असं वाटलं.

मालिकेत डिसेंबरच्या एका भागात चुलती माजघरातून निघताना म्हणते, ‘मी येतो गं’. आत्यांचंच वाक्य. त्या भागासाठी घरात सगळे टीव्हीपुढे बसले होते. चुलती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘मी येते गं’. ओठ ‘येतो’ म्हणत होते आणि आवाज ‘येते’ म्हणत होता. तो आवाजही सुनंदाचा नव्हता. डबिंगला कुणीतरी एक शब्द बदलला होता. तिला खटकायच्या आत आत्या म्हणाल्या, “ह्ये तू न्हवंस.” चौकशी केल्यावर कळलं, चॅनलच्या तपासणीत ती कलाकाराची चूक म्हणून धरली गेली होती.

जानेवारीत मालिकेनं काही वर्षांची उडी मारली आणि चुलतीला काशीला पाठवलं. हे तिला तीन दिवस आधी कळलं. शेवटचे पैसे पाचव्या महिन्यात आले. क्लासला पुढच्या जूनमध्ये पुन्हा 20 मुलं झाली. मुलं काढून नेलेल्या एका पालकांनी धाकटीला पाठवलं आणि सोबत फोटो काढून घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या फोनवर होकार देताना तिनं दिवस आणि कॉल शीट लेखी मागायला हवी होती. मिळालं नसतं तरी मागायला हवं होतं. पालकांना जूनमध्येच बोलावून वेळापत्रक सांगितलं असतं तर निदान दोन-तीन मुलं टिकली असती. भाषेचं तिनं तीन महिने मनात ठेवलं, आणि त्याचं कारण मला वाटतं आम्ही आहोत. आमच्या संस्थेत मालिकेबद्दल एकतर टिंगल होते नाहीतर हेवा. तिथं कामाबद्दल बोलायला जागाच नव्हती.

माझ्याकडून बदली अभिनेत्री पहिल्या दिवसापासून हवी होती, हे तर उघड आहे. त्याहून मोठी चूक म्हणजे तिचा आवाज खाली गेल्याचं ऐकल्यावर तिनं तिकडून काय आणलंय, हे मी विचारलं नाही. दोन महिने मी ती जुनी सुनंदा परत मिळवण्याच्या खटपटीत होतो. सुपाची कल्पना तिला ऑगस्टमध्येच सुचली होती म्हणे. माझा सूर बघून ती बोलली नाही.

एका बाबतीत आमचं अजून जमत नाही. माझ्या मते डबिंगचा प्रकार कळल्यावर तिनं लेखी तक्रार करायला हवी होती. ती म्हणते, एका शब्दासाठी कोण भांडणार. आत्या माझ्या बाजूनं आहेत.

परवा नव्या नाटकाचं पहिलं वाचन झालं. तिच्या भूमिकेपुढे संहितेत लिहिलं होतं, ‘एक मध्यमवर्गीय स्त्री, वय 45’. मी चपलेच्या प्रश्नाची वाट बघत होतो. तिनं पेन्सिल कानामागून काढली आणि विचारलं, “दादा, ही बाई कुठली?” मी म्हटलं, सांगलीचीच धर. “ते कळलं. माहेर कुठलं?” मी लेखकाकडे बघितलं, लेखकानं संहितेकडे. वाचन तिथंच थांबवून आम्ही चहा मागवला.